जाणतं तेल

रज्जाक मिस्त्रींनी नवा पिस्टन, नव्या रिंगा घालून शेवंता वळवीच्या मोटारसायकलचं इंजिन बांधलं आणि तेलाचा डबा हातात घेऊन तोंड वाकडं केलं. बांधलेल्या इंजिनाला आधी साधं खनिज तेलच हवं, म्हणजे रिंगा घासून नीट बसतात, हे त्यांचं तीस वर्षांचं मत. पण बाजारात आता फक्त ‘जाणतं तेल’ मिळत होतं. त्यातले सूक्ष्म कण इंजिनाचं काम पाहून शिकत आणि धातूवर तेवढ्याच कामापुरता पक्का थर चढवत.

“तेल काय शिकणार? शिकवायला मी बसलोय ना!” डब्याबरोबरचा कागद मिस्त्रींनी न वाचताच भिरकावला. “सिस्टर, पाचशे किलोमीटर चाळीसच्या वर जायचं नाही. डबलसीट तर अजिबात नको. गाडी रुळू द्या.”

शेवंता उपकेंद्राची नर्स. दुसऱ्यांना पथ्य सांगणारी ही बाई, तिने मिस्त्रींचं पथ्यही कसोशीने पाळलं. दीड महिना ती एकटीच, चाळीसने, सातपुड्यातल्या पाड्यांवर फिरली.

पाचशे पूर्ण झाल्यावर चौथ्याच दिवशी भरदुपारी तिच्या नवऱ्याला, दिलवरला, गवत कापताना नाग चावला. उपकेंद्रातली लस संपलेली. तालुक्याचं रुग्णालय छत्तीस किलोमीटरवर. अँब्युलन्सला तीन तास लागणार होते, पाड्यावरची एकुलती जीप बाजाराला गेलेली. शेवंताने दिलवरला मागे बसवलं. क्लच सोडला की इंजिन बंद. पुन्हा किक, पुन्हा बंद. तो उतरला की मात्र सुरळीत चालू.

तिने तालुक्याला मिस्त्रींना फोन लावला. त्यांनी दुसऱ्या डब्याचा कागद शोधला आणि अडखळत वाचला, “‘पहिल्या पाचशे किलोमीटरमध्ये इंजिनाला वेग, चढ, ओझं सगळं दाखवा. जे दाखवणार नाही, ते इंजिन पुढे करणार नाही.’ या अल्ला!”

“तेल काढून टाकते.”

“थर धातूवर बसलाय, सिस्टर. तो निघणार नाही.”

“मग तुम्ही लस घेऊन या! भरधाव या!”

“कुठली गाडी घेऊ? इथल्या सगळ्या मीच बांधल्यात. निघतो मी. पण चाळीसने.”

म्हणजे जवळजवळ तास. शेवंता नवऱ्याजवळ येऊन बसली. त्याच्या पापण्या जड होऊन मिटायला लागल्या होत्या. पापण्यांनंतर श्वासाची पाळी किती वेळात येते, हे तिला पक्कं माहीत होतं.

“किती वेळ लागेल गं?” दिलवरने विचारलं.

रुग्णाशी ती कधी खोटं बोलली नव्हती. आज काय सांगावं?