गोदामातली हवा

ही गोष्ट खरी आहे.

शपथ घे म्हणाल तर मी घेणार नाही. कारण जिच्यासोबत हे घडलं तिला शपथांचा राग येतो. ती म्हणते, "खोली हाय, भिंत हाय, इटा हायेत. येऊन बघा. शपथ कशाला पायजे?"

ती म्हणजे माझी मावसबहीण, साक्षी.

आणि हे रात्री घडलेलं नाही. ना अमावस्या होती, ना पाऊस. भर दुपारी, दोन वाजून दहा मिनिटांनी, नवीन जालन्यात, स्टेशनच्या मागच्या गल्लीत घडलं. बाहेर ट्रक उभे होते. चहाच्या टपरीवर माणसं बसली होती.

गेल्या वर्षीचा एप्रिल. शेवटचा आठवडा. पारा त्रेचाळीसवर.

साक्षी कुंभार पिंपळगाव या गावची. वय अठ्ठावीस. ड्रोनने काढलेले शेतांचे शेकडो फोटो जोडून ती नकाशे बनवून देते. या कामाला साधा कॉम्प्युटर पुरत नाही. तिने एकेक भाग आणून स्वतःच्या हाताने मोठं मशीन जोडलं होतं. ते ठेवायला खोली हवी होती. ती मिळाली एका जुन्या बियाण्याच्या गोदामात. गोदामाचा मागचा कोपरा, मधे भिंत घालून काढलेला. एक दार. खिडकी नाही.

मालक जुगलकिशोर शेठ. त्यांनी हे गोदाम सात-आठ वर्षांपूर्वी विकत घेतलं होतं. आधी तिथे दुसरीच कुणी पार्टी होती. चावी देताना शेठ एवढंच म्हणाले,

"बेटा, दुपारी जेवायला बाहेर जात जा. दोन ते तीन इथं गर्मी जास्ती होते."

साक्षीने मान डोलावली. आणि डबा खोलीतच आणायला लागली.

पहिल्या दिवशी मशीन बंद पडलं.

दुसऱ्या दिवशी बंद पडलं.

तिसऱ्या दिवशीही…

तिन्ही दिवस वेळ एकच. दोन वाजून दहा मिनिटं.

मशीनच्या आत उष्णता शंभर अंशांवर जात होती आणि जळू नये म्हणून ते आपोआप बंद होत होतं. शुक्रवारी एका मोठ्या कामाचे नकाशे द्यायचे होते. हे काम गेलं तर पुढचं वर्षभराचं काम जाणार होतं.

साक्षीला यात भूतबीत काही दिसलं नाही. तिला दिसली हवेची चूक. मशीनचं कॅबिनेट म्हणजे तरी काय, एक छोटी खोलीच. पुढून थंड हवा आत यायला पाहिजे, मागून आणि वरून गरम हवा बाहेर पडायला पाहिजे. फॅन उलटे बसले, की गरम हवा आतच घुटमळते.

चौथ्या दिवशी तिने सगळे फॅन काढले.

पुढची जाळी काढली आणि थबकली.

जाळी गुलाबी झाली होती.

बोट फिरवलं. बारीक, गुलाबी भुकटी. पेरणीच्या बियाण्याला औषध चोळतात, त्याचा असा रंग असतो. शेतकऱ्याच्या घरात वाढलेली पोरगी, तिला तो ओळखू येणारच.

पण या गोदामात सात वर्षांत बियाण्याचा दाणा आला नव्हता. पुढे सगळे पाइप आणि पत्रे. आणि ही जाळी तिने काल संध्याकाळीच धुतली होती…

"जुनं गोदाम हाय. छतावरून पडत असंल," ती स्वतःशीच बोलली.

तिने फॅन नव्याने बसवले. पुढे तीन, हवा आत घेणारे. मागे एक, वर एक, हवा बाहेर टाकणारे. बाहेर जाणाऱ्यापेक्षा आत येणारी हवा थोडी जास्त ठेवली, म्हणजे फटीतून धूळ ओढली जात नाही. सगळं बराबर. मग खात्री करायला तिने एक अगरबत्ती पेटवली.

पूजेला नाही. आमच्या घरात अंगारे-धुपारे चालत नाहीत. छप्पन साली आजोबांनी ते सगळं सोडलं, ते सोडलंच. अगरबत्ती होती धुरासाठी. धूर दाखवतो हवा कुठून कुठे जाते ते.

वारा मधे यायला नको म्हणून तिने दार लावून घेतलं.

अगरबत्ती पुढच्या जाळीपाशी धरली. धूर सर्रकन आत ओढला गेला. छान.

ती मागच्या बाजूला गेली. तिथून धूर बाहेर यायला पाहिजे होता.

नाही आला.

वरच्या फॅनवर हात धरला. तिथेही नाही.

बाजूची काच उघडली. आत धुराचा पत्ता नाही. हवा आत जात होती आणि… कुठेच बाहेर येत नव्हती.

तेवढ्यात लाइट गेली. दोन वाजून दहा मिनिटं.

फॅन एकेक करून थांबले. युपीएस टिकटिक करायला पाहिजे होता, तोही गप्प. खोलीत दाराखालच्या फटीतून येणारा तेवढाच उजेड. बाहेर ट्रकवाले बोलत होते, तो आवाजही कुणी दाबल्यासारखा बारीक झाला.

तिच्या हातातली अगरबत्ती जळत होती. धूर सरळ वर जात होता.

मग तो वाकला.

दाराकडे नाही. मागच्या भिंतीकडे. वर, आठ-नऊ फुटांवर, गिलाव्याचा एक चौकोन बाकीच्या भिंतीपेक्षा जरा वेगळ्या रंगाचा होता. धूर तिथे जाऊन भिंतीला चिकटला. जागा शोधत असल्यासारखा तिथेच फिरत राहिला.

आणि तिच्या पायाशी आवाज आला…

फर्रर्र…

पुढचे तिन्ही फॅन फिरत होते.

साक्षीने खाली वाकून वायर उपटली. प्लग हातात आला. फॅन फिरतच होते. आत. मग थांबले. मग उलटे फिरले. बाहेर.

मशीनचा फॅन असा उलटा फिरत नसतो. तो एकाच बाजूला फिरायला बनवलेला असतो.

आत… बाहेर…

आत… बाहेर…

मग जल्दी जल्दी. आत-बाहेर, आत-बाहेर, आत-बाहेर. जत्रेच्या गर्दीत चेंगरलेला माणूस जसा श्वास घेतो, तसा. आणि वास आला. कुजक्या मासळीचा, लसणाचा.

दुसरं कुणी असतं तर दार तोडून पळालं असतं. साक्षी जागची हलली नाही.

"कोन हाय?" ती ओरडली. "कोन हाय तू? नाव सांग!"

फॅन थांबले.

लाइट आली.

बाहेर टपरीवर वसंतामामा बसले होते. साठी उलटलेले हमाल, उभी हयात याच गल्लीत पोती वाहिलेली. साक्षी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिली. तळहातावरची गुलाबी भुकटी दाखवली.

"मामा, माझ्या खोलीत कोन मेलं?"

वसंतामामांनी कप खाली ठेवला.

"तुला कोनी सांगितलं?"

"कोनीच न्हाई. म्हनून तं तुम्हाला इचारून राह्यले."

मग त्यांनी सांगितलं. बारा वर्षांपूर्वीची गोष्ट. तेव्हाच्या पार्टीने गोदामात किडीसाठी विषारी गोळ्या ठेवल्या होत्या. त्यांचा लसणाच्या वासाचा गॅस होतो. तो बाहेर जाऊ नये म्हणून सगळी दारं चिकटपट्टीने बंद केली. मागे भिंतीत वर एक झरोका होता, तो त्याच दुपारी विटांनी बुजवला आणि बाहेरून पत्रा ठोकला. भिवा नावाचा हमाल जेवण करून पोत्यांच्या थप्पीमागे झोपला होता. कुणी बघितलं नाही. तीन दिवसांनी दार उघडलं, मग आतून त्या झरोक्यावर गिलावा केला.

"कागदावर काय लिव्हलं?"

"ऊन लागून मेला. झोपंतच गेला, असं सांगितलं त्याच्या बायकोला." मामा खाली बघत म्हणाले. "मी बी तेच सांगितलं. मला पोटापान्याची भीती होती, पोरी."

साक्षी तशीच शेठच्या दुकानात गेली. जुगलकिशोर शेठ माणूस वाईट नाही. त्यांनी खोटं बोलायचा प्रयत्नही केला नाही.

"मला मालूम होतं बेटा. गोदाम घेतल्यावर कळालं. मी दोन वेळा शांती केली. तू सांगशील तर परत करू. महाराजला बोलावतो."

"शांती नको काका."

"मंग?"

"झरोका पायजे."

शेठ एकदम उठून उभे राहिले. "ती भिंत फोडू नको. बिलकुल नको. मागं एक गवंडी आल्ता मी त्याच कामाला लावलेला. शिडीवर चढला, भिंतीला कान लावला आणि उतरून निघून गेला. परत आलाच न्हाई. काय ऐकलं ते बी सांगितलं न्हाई."

"मंग तं आता फोडायलाच पायजे," साक्षी म्हणाली.

तिने संध्याकाळी भिंत फोडली नाही, सकाळीही नाही. दुसऱ्या दिवशी बरोबर दोन वाजता तिने शिडी लावली. तिचं म्हणणं, जो रोज दोन दहाला येतो त्याच्या पाठीमागे कशाला फोडायचं? त्याच्यासमोरच फोडू. दार सताड उघडं ठेवलं. शेठ दारात उभे. वसंतामामांनी शिडी धरली.

पहिल्या घावाला गिलावा पडला.

दुसऱ्या घावाला मोठा तुकडा सुटला, खाली विटा दिसल्या…

आणि साक्षीचा हातोडा वरच राहिला.

विटांच्या मधल्या सिमेंटमध्ये बोटं उमटली होती.

सिमेंट ओलं असताना कुणीतरी आतून बोटं खुपसून ते उकरलं होतं. खोल. एका जागी नाही, सगळ्या सांध्यांमधून. आणि त्या खाचांमध्ये गुलाबी रंग भरलेला होता.

झोपेत गेलेला माणूस आठ फुटांवर चढून सिमेंट उकरत नाही.

"मामा," साक्षी म्हणाली, "हा जागा होता."

वसंतामामा मटकन खाली बसले.

तिने विटा फोडल्या नाहीत. छिन्नीने एकेक वीट अख्खी सोडवली, खडूने आकडा टाकला आणि खाली दिली. शेवटी गंजलेल्या पत्र्याला लाथ मारावी तसा हातोडा घातला. पत्रा बाहेर गल्लीत पडला.

बाहेर लू चालली होती. गरम वारा आत घुसायला पाहिजे होता.

पण आतूनच हवा बाहेर गेली…

एकदाच. लांब. साक्षीचे केस पुढे उडाले, ओढणी झरोक्यातून बाहेर ओढली गेली, टेबलावरचे कागद उचलले गेले. लसणाचा तो वास तिच्या तोंडावरून गेला आणि संपला. वर बघितलं, तर झरोक्यात नुसतं पांढरं ऊन.

मशीन त्या दिवशी बंद पडलं नाही. उष्णता बासष्टच्या वर गेली नाही. शुक्रवारी नकाशे गेले.

गोष्ट इथेच संपली असती तर मी लिहायला बसलो नसतो.

रविवारी साक्षी राजूरला गेली. भिवाची बायको बेबीनंदामावशी तिथे राहते, दुसऱ्याच्या शेतात कामाला जाते. साक्षीने तिला सगळं खरं सांगितलं. मावशी रडली नाही. म्हणाली, "मला बघायचंय."

सोमवारी शेठ आणि वसंतामामांसमोर मावशीने खोलीत त्या विटा बघितल्या. आकड्याप्रमाणे जमिनीवर मांडलेल्या. मावशी खाली बसली आणि त्या खाचांमध्ये स्वतःची बोटं घालून बघायला लागली.

"ह्ये त्याचंच. ह्ये बोट अर्धं हाय. कापसाच्या जिनिंगमधी तुटलं होतं." ती पुढे सरकली. "ह्ये बी त्याचं. ह्ये बी…"

मग ती थांबली.

"पोरी, ह्ये कोनाचं?"

खालच्या ओळीतल्या विटांवरच्या खाचा वेगळ्या होत्या. बारीक. जवळजवळ. मावशीने हात लावला तर त्या तिच्या बोटांपेक्षाही लहान. पाचही बोटं पूर्ण. आणि एका सांध्यात, सिमेंटमध्ये घट्ट बसलेला… हिरव्या बांगडीचा तुकडा.

साक्षी वसंतामामांकडे वळली.

"मामा," साक्षीने विचारलं, "आत अजून कोन होतं?"

"कोनी नव्हतं!" वसंतामामा जवळजवळ ओरडले. "दार मी उघडलं. माझ्या हातानं उघडलं. आत येकच मानूस होता. येकच!"

"बाया कामाला येत होत्या का?"

"येत होत्या… बी निवडायला. रोजानं. कुठून कुठून यायच्या. त्यांची नावं कोन लिव्हतं?"

शेठ तेव्हा म्हणाले, "बेटा, आता पुरे. तू दुसरी खोली घे. मी देतो, चांगली, खिडकीवाली."

"काका, मी इथून हालनार न्हाई," साक्षी म्हणाली. "बारा वरसं समदे हेच करून राह्यले. उठायचं आन् दुसऱ्या खोलीत जायचं."

ती आजही तिथेच बसते. झरोका उघडा आहे. दुपारी दोनला डबा तिथेच खाते. चौकशीसाठी बेबीनंदामावशीने अर्ज दिलाय, तो साक्षीने स्वतः टाइप केला. कचेरीतल्या माणसाने तो वाचला आणि परत दिला. म्हणाला, मयत एक होता, तुम्ही दोन लिहिलेत. चुकलंय, दुरुस्त करून आणा.

साक्षीने दुरुस्त केलं नाही. तोच कागद पुन्हा त्याच्या टेबलावर ठेवला.

मी तो अर्ज बघितलाय. एक नंबरला भिवाचं नाव आहे, वय आहे, गाव आहे. दोन नंबरला नुसती मोकळी जागा. मी तिला विचारलं, तुला भीती नाही वाटत?

"वाटते ना," ती म्हणाली. "दार उघडलं तवा ती आत नव्हती. मंग ती गेली कुठं? दार बंद, झरोका बंद. बाहेर पडायला जागाच नव्हती."

तिने वर झरोक्याकडे बघितलं.

"पन नाव मी शोधनार," ती म्हणाली. "सापडल्याबिगर जागा भरनार न्हाई, आन् खोडनार बी न्हाई."