चिंचेखालची पायताणं

औरंगपुऱ्यातल्या आपल्या चपलांच्या दुकानाचं शटर निम्मं ओढून नानासाहेब गल्ल्यामागं बसले. लाईट गेलेली. भाचे सार्थक अन् ऋतुराज मोबाईलच्या उजेडात खोकी रचत होते.

"मामा, ते कोठीचं सांगा की," सार्थक म्हणाला.

"सांगतो, पण मधी हसायचं नाय. ज्याच्यावर गुदरलं तो बुद्धभूषण आपलं गिऱ्हाईक, चिकलठाण्यात वर्कशॉप आहे त्याचं. त्याच्या आईला, मुक्ताबाईला, लाल पट्ट्याच्या चपला मीच दिल्या. बाई घासाघिशीत लई वस्ताद. मी दमलो, ती नाय."

मग ते सांगत गेले ते असं.

त्या चपला एका खास कामासाठी होत्या. नाथसागराच्या काठी एका जहागीरदाराची जुनी कोठी आहे, तिचं आता हॉटेल झालंय. खालची वस्ती धरणाच्या पाण्यात गेली, कोठी उंचावर म्हणून राहिली. मुक्ताबाईचा बाप कडूबा त्याच वस्तीतला, कोठीवर सरपण टाकायचा. फाटकाशी चिंच. वस्तीतल्या माणसानं तिथं पायताण काढायचं, डोक्यावर घ्यायचं, मगच पुढं पाय टाकायचा. बापाचा नवा जोडा त्याच्या डोक्यावर पोरीनं पाहिला होता. त्या दारातून एकदा चपला घालून जायचं, एवढंच तिनं लेकाकडं मागितलं. त्यानं खोली बुक केली.

गेल्या मार्गशीर्षातली अवस, शुक्रवार. गाडी थेट पायऱ्यांशी लागली. मॅनेजरनं हार घातला अन् कौतुकानं म्हणाला, "पूर्वी लोक आदरानं चिंचेखाली चपला काढून यायचे."

"आदरानं?" बुद्धभूषणची कानशिलं तापली.

आईनं त्याचा हात दाबला. "राहू दे. आलो ना आपण."

मध्यरात्री तो पाणी प्यायला उठला. पलंगाखाली आईच्या चपला नाहीत. त्याचे बूट नाहीत. दाराला आतून कडी.

टॉर्च घेऊन तो बाहेर गेला. दोन्ही जोड चिंचेखाली. शेजारी शेजारी, नीट लावलेले.

त्यानं वॉचमनला झाप झाप झापलं. वॉचमन मान खाली घालून म्हणाला, "साहेब, मी फाटक सोडलं नाय. तुम्ही... इथल्या वस्तीतले का?"

"व्हय. अन् पैसे भरून आलोय."

जोड उचलून आणले. उशाशी ठेवले. बसून राहिला. डोळा लागला असेल, नसेल...

उशाशी काही नाही.

अन् व्हरांड्यात कुणीतरी खाकरलं. म्हातारं खाकरणं. जहागीरदारी तोऱ्याचं.

"पायताण..."

तो मुठी आवळून धावला. दार उघडलं. कुणी नाही. नुसता गाळाचा वास.

आई उठली. "तू सरक. हे माझं आहे."

अनवाणी चिंचेपर्यंत गेली. चपला घातल्या. वळली.

फट... फट... फट...

पायऱ्यांवर काहीतरी गार आडवं आलं. ती थांबली नाही. उंबऱ्यावर दोन्ही पाय रोवले.

"मी कडूबाची लेक." "साठ वर्षं दात आवळून बसले. माझं पायातच राहील. आता तुझं काढ."

...

खाकरणं बंद. मग पायऱ्यांवरून कुणीतरी उतरत गेलं. हळू. चिंचेकडं.

उजाडताच दोघं निघाले. चिंचेशी मुक्ताबाईनं गाडी थांबवायला लावली.

खाली एक मोजडीचा जोड. जुना, जरीचा, गाळानं माखलेला. शेजारी शेजारी, नीट लावलेला.

तिनं वाकून आत बोटं घातली.

आतून मोजडी कोमट होती.