पायरीची उंची

दुष्काळाच्या त्या उन्हाळ्यात उत्तमराव ओव्हरसियरांकडे तसं साधंच काम होतं. देवळाली प्रवराला एसटी थांबायची तिथून वरच्या पेठेपर्यंत उजाड चढ होता. त्याचा चौक करायचा. कट्टे, लिंबाची रोपं, पेठेकडे चढायला दगडी पायऱ्या. दुष्काळी कामावरच्या बायका दिवसभर माती वाहत होत्या.

फरशी कुठून टाकायची हे उत्तमराव कागदावर ठरवत नसत. संध्याकाळी चाळलेली माती पसरून ठेवायची आणि उजाडताना पावलं पाहायची. माणसं चालतात तीच वाट.

त्या सकाळी चपलांच्या गर्दीत एका बाईची अनवाणी पावलं दिसली. एसटीपासून निघून ती नव्या पायऱ्यांपाशी थांबली होती. पुढे गेली नव्हती, मागेही फिरली नव्हती.

"कडंवर लेकरू हाय हिच्या," बायडाबाई पाटी उतरवत म्हणाली. "डावा पाय बगा कसा रुतलाय. आन् करंगळी टेकतच न्हाई."

उत्तमराव त्या पावलांवर वाकले. त्यांच्या बायकोची, मालनची, डावी करंगळी जमिनीला टेकत नसे. सप्तपदीच्या तांदळावर चारच बोटं उमटली, तेव्हा सारा मांडव हसला होता.

मागल्या वर्षी त्यांनीच तिला इथून एसटीत बसवून बाळंतपणाला माहेरी धाडलं होतं. "न्यायला या हं," ती खिडकीतून म्हणाली होती. "नाहीतर आम्ही दोघं आपले येऊ." बाळंतपणातच ती गेली. मूलही गेलं.

"सायब, ऊन लागलं काय? तोंड पांढरंफटक पडलंय."

"ऊन कुठंय अजून..."

त्या संध्याकाळी माती त्यांनी स्वतःच्या हातानं पसरली. पायऱ्यांवरसुद्धा. शेवटची एसटी धूळ उडवत निघून गेली आणि त्या धुळीत क्षणभर धुरीचा वास आला, ओवा, बाळंतशोपा. बाळंतिणीच्या खोलीत येतो तसा.

सकाळी पावलं पुन्हा तिथंच थांबलेली. पण पहिल्या पायरीच्या कडेवर दोन इवलेसे तळहात उमटले होते. बोटं घसरत खाली आली होती.

"रांगतंय..." बायडाबाई वाकून पाहत म्हणाली. "चढाया येत न्हाई त्याला."

"ती उचलून का घेत नाही?"

"दमली आसंल, सायब. लांबून आली आसंल..."

मग उत्तमराव म्हणाले, "पायऱ्या काढा. उतार करा. अगदी बेताचा."

"परवा बसवल्या, आज उपटा! आमच्या कमरा काय सरकारी हायेत व्हय?" बायडाबाई करवादली, पण पहिली पहार तिनंच घातली.

दिवस मावळेपर्यंत उतार झाला. पेठेतल्या आपल्या घरी जाऊन उत्तमरावांनी अंगण झाडलं, चाळलेली माती पसरली, दारात कंदील ठेवला आणि दार उघडंच टाकलं.

उजाडताना ते दाराशी आले. मालनची पावलं अंगणातून थेट दारापर्यंत आली होती. बाहेरच्या बाजूनं, उंच सागवानी उंबऱ्यावर, दोन इवले मातीचे तळहात. बोटं घसरलेली.

त्यांनी करवत आणली. गुडघे टेकून उंबऱ्यावर पहिल्यांदा पातं ओढलं, तेव्हा धुरीचा वास आला. ओवा, बाळंतशोपा. अंगणात वाऱ्याची झुळूकही नव्हती.

वास त्यांच्या पाठीमागून, आतल्या खोलीतून येत होता.