आघात ‘त्री’वर

एकच पट्टी ती पंचविसाव्यांदा वाजवत होती, तेवढ्यात दार उघडलं.

“अहो, शेजारी माझा वर्ग चाललाय! विद्यार्थी आता त्याच सुरात क्रियापदं म्हणायला लागलेत.”

तिने पियानोच्या पोटातून डोकं बाहेर काढलं. हातात खडू, केसांवर खडूची पूड... इटालियन शिकवणारे मास्तर हेच तर!

“सुरात म्हणतायत ना? मग माझे आभार माना.”

तो रागवायला आला होता, हसून बसला.

पियानो सुरात लावणं तिने बाबांकडून उचललेलं. आता एका इटालियन कारखान्यात वर्षभर शिकायची संधी चालून आली होती. पंधरा दिवसांनी मुलाखत — आणि तिला स्वतःच्या कामाचं नावही इटालियनमध्ये म्हणता येत नव्हतं.

“शिकवाल?”

त्याने तिथल्याच फळ्यावर लिहिलं : आक्-कोर्-दा-तो-रे. “आक्कोर्दारे म्हणजे सुरात लावणं. शेवटचा ‘रे’ जाऊन ‘तोरे’ आलं की लावणारा.”

“मी लावणारा दिसते?”

तो कानापर्यंत लाल झाला. ‘तो-रे’ पुसून त्याने ‘त्री-चे’ लिहिलं. “आघात ‘त्री’वर. तिथे जरा... रेंगाळायचं.”

ती ‘दा’वर रेंगाळली. मुद्दाम नव्हे — निदान पहिल्यांदा तरी.

“दोन ‘क’ वेगळे होतात, मग ‘त्र’ का नाही तुटत?”

“‘त’ आणि ‘र’, त्या दोघांचं जमतं,” तो म्हणाला आणि खडू शोधू लागला. खडू हातातच होता.

मग रोज वर्ग सुटला की धडा. उतरतं ऊन बाकांवरून सरकत यायचं, आणि त्याच्या ओठांकडे बघता बघता ती शब्दच विसरायची. तरी उच्चार सुधारत गेला... आणि मास्तरांचा चेहरा उतरत गेला. नीट शिकवलं तर ती जाणार होती. तो मात्र जीव ओतून शिकवत होता.

निवड झाली. ती धावतच सांगायला आली.

“वा! आनंद झाला.”

“किती?”

“अर्धा.”

“आणि उरलेला?”

“तू परत आलीस की.”

“तू? इतके दिवस तर अहो-जाहो चाललं होतं.”

“चुकलो का?”

“चुकला नाहीत...” ती म्हणाली. “उशीर केलात.”

“जाऊ नको म्हणणार नाही मी,” तो हळूच म्हणाला. “पण तू आवडतेस मला. खूप.”

ती दारापर्यंत गेली. दार लोटून परत आली, पिशवी खाली ठेवली आणि पहिल्या बाकावर बसली.

“निघायला अकरा दिवस आहेत अजून,” ती म्हणाली. “आजचा धरला तर बारा.”