नाव विचारल्यावर

हे कुणाला सांगायचं नाही, असं आईनं मला बजावलं होतं. पण तिनं रजिस्टरमध्ये अर्धंच लिहिलं, म्हणून उरलेलं मी लिहिते आहे.

आई देवासच्या एका खासगी दवाखान्यात नर्स आहे, विनोदिनी सिस्टर. त्या दुपारी ती डबा घरी विसरली, म्हणून मी तो घेऊन गेले. सव्वादोन वाजले होते. बायकांच्या वॉर्डात पडदे ओढलेले, स्पिरिटचा वास, सगळ्या झोपलेल्या. नुकतीच ड्यूटीवर आलेली आई इन्सुलिनचं इंजेक्शन भरून चार नंबरच्या खाटेशी उभी होती. खाटेला लटकवलेला कागद वाचत होती. पेशंट भिंतीकडे तोंड करून पडली होती. मी भिंतीच्या बाजूला स्टुलावर बसले.

वॉर्डात एक नवा नियम होता. इंचार्ज वैभवी सिस्टरनी तो लावला होता. "तुम्ही अमुकच ना?" असं विचारायचं नाही, झोपेत कुणीही हो म्हणतं. नाव पेशंटनंच सांगायचं.

"आजी, पूर्ण नाव सांगा," आई म्हणाली.

"नर्मदाबाई रघुजी शितोळे."

कागदावर तेच नाव होतं. आईनं पेशंटची बाही वर सरकवली.

पण मला पेशंटचा चेहरा दिसत होता. ओठ मिटलेले होते. ती हळू घोरत होती.

मोठ्यांच्या कामात मी कधी बोलत नाही. सुई दंडापाशी आली...

"आई... त्या बोलल्या नाहीत."

आईचा हात थांबला. "मग कोण बोललं?"

"दोन वाजून गेले, सिस्टर..." तोच आवाज. आता माझ्या कानाजवळ, ओलसर. "माझं इंजेक्शन द्या की..."

खाटेवरची बाई घोरतच होती.

आईनं तिच्या मनगटावरची नावाची पट्टी फिरवली. बकुळा पवार. ऑपरेशन झालेली, कालपासून उपाशी. तिला साखरेचा आजारच नव्हता. ते इन्सुलिन दिलं असतं, तर ती उठलीच नसती.

तेवढ्यात तिची सून चहा घेऊन आली. "तिकडचा पंखा बंद होता ना, सिस्टर. ही खाट खाली झाली, तर मैंनेच सासूबाईंना इकडे आणलं. तुमच्या इथे पंखेसुद्धा बीमार."

"आणि इथल्या आजी?"

"उनको तो बारा वाजता इंदूरला नेलं. उर्वशी सिस्टर साथ में गई."

म्हणजे ड्यूटी बदलताना हे आईला सांगायला सकाळच्या ड्यूटीवरची उर्वशीताई इथे नव्हतीच. आईनं तिला फोन लावला. पलीकडचं मलाही ऐकू आलं.

"नर्मदाबाई गेल्या, ताई. रस्त्यातच. एक वाजता."

वैभवी सिस्टरनी चुका नोंदवायचं रजिस्टर पुढे केलं. "लिही, विनोदिनी. कुणी रागवणार नाही. पुढच्या पेशंटचा जीव वाचावा म्हणून लिहायचं."

आईनं लिहिलं: जुना कागद खाटेवर राहिला, मी पट्टी पाहिली नाही. आवाजाबद्दल एक शब्द नाही.

"वेडी म्हणतील गं, चिऊ," ती घरी म्हणाली.

पण बाकीच्या सिस्टर अजूनही नाव ऐकलं की इंजेक्शन देतात. ओठ कुणी बघत नाही.

आणि तो आवाज आता फक्त वॉर्डात नाही. काल मला ताप आला. आईनं माझ्या तोंडात थर्मामीटर ठेवला आणि सवयीनं विचारलं, "पूर्ण नाव?" माझे ओठ घट्ट मिटलेले होते. तरी माझ्या उशीतून कुणीतरी उत्तर दिलं. माझं नाव नाही, नर्मदाबाईंचंही नाही. ते नाव आईचं होतं.

आई आतून हाक मारते आहे. जाऊन येते.