फुटाण्याची मातीपेटी

अकोल्यात उन्हाळ्याचे तीन महिने सकाळी आठनंतर कुत्र्याला रस्त्यावर उतरवायला बंदी होती. डांबर एवढं तापे की जनावराच्या पंजांची कातडी सोलून निघे. त्यामुळे शहरात दोन गोष्टींचा सुळसुळाट झाला होता: ओंजळीत मावणारी कुत्री आणि त्यांना घरातच विधी उरकता यावा म्हणून निघालेल्या मातीपेट्या.

कौतिकाबाई गावंड्यांच्या घरात दोन्ही एकाच दिवशी आल्या. कुत्रा सुनेने, मोनालीने आणला. चिवावा जातीचा, नाव फुटाणा. पेटी मुलाने, प्रफुलने आणली. ज्या बाईच्या परवानगीवाचून घरात चमचा हलत नसे, तिला कोणी विचारलंही नाही.

पेटी म्हणजे मोठी उथळ परातच. आत भाजलेल्या मातीचे दाणे, कडेला यंत्रनाक. फुटाण्याने आत शू केली की नाक ते हुंगे आणि खाऊची एक गोळी बाहेर टाके. बाहेर कुठे ओलं दिसलं की पेटीतून एक चकती सुटे, फरशी हुंगत घरभर फिरे आणि बातम्या देणाऱ्या बाईच्या आवाजात जागा सांगे. प्रफुलने ठरवून टाकलं होतं, तीस दिवसांत शिकला तर राहील, नाहीतर अमरावतीला ज्याच्याकडून आणला त्याच्याकडे परत.

आणि जागा दर वेळी एकच निघे. देवघरापुढे.

बाईंचा संताप होई. ओलेत्याने पूजा करायची त्यांची रीत, पिळलेलं लुगडं अंगावर तसंच. पूजा आटोपून पाटावरून उठावं, तुळशीला पाणी घालून यावं, तर पाटाशेजारी चकती ओरडत उभी. मग शिव्या देत फरशी पुसायची, विटाळ झाला म्हणून गोमूत्र शिंपडायचं, पुन्हा आंघोळ. दुसऱ्या दिवशी तेच.

शेवटी बाईंनी स्वतःच कंबर कसली. चार लेकरं वळणावर आणली, हे बोटभर जनावर काय घेऊन बसलात, असं त्यांनी मोनालीला सुनावलं. फुटाण्याला पेटीत उभा करून, बाळाला करतात तसं त्या तासन् तास “शूऽऽ शूऽऽ” करत बसल्या. गुडघे धरले. फुटाणा त्यांच्या तोंडाकडे बघत शहाण्यासारखा पेटीत मोकळा होई, गोळी खाई, शेपूट हलवी. आणि सकाळी पुन्हा देवघरापुढे ओलं.

तिसावा दिवस रविवारचा. चार वाजता अमरावतीचा माणूस यायचा होता. मोनालीने फुटाण्याची पिशवी भरून दाराशी ठेवली होती आणि ती कोणाशी बोलत नव्हती. बाईंना खरं तर बरं वाटायला हवं होतं. पण आपण शिकवलेलं पोर नापास होऊन चाललंय, हे काही त्यांना गिळवेना. त्या तरातरा पेटीपुढे जाऊन बसल्या.

“सांग वं,” त्या म्हणाल्या, “ह्या कार्ट्याचं चुकते कुठं?”

ओलं कुठे झालं, एवढंच आजवर पेटीला सांगायला लावलेलं. कोणी केलं, हे कोणी विचारलं नव्हतं. घरात ओलं करणारं जनावर एकच, असं सगळे धरून चालले होते.

“फुटाणा बाराव्या दिवशी पूर्ण शिकला,” पेटी म्हणाली. “त्यानंतर तो फक्त चार वेळा चुकला. त्या जागी गाईच्या मूत्राचा वास आहे. कोणीतरी इथे आधी विधी केला, असे कुत्र्याला त्या वासावरून वाटते. घरात गाय आहे का?”

बाईंनी गोमूत्राच्या बाटलीकडे पाहिलं. म्हणजे पवित्र करता करता आपणच त्याला जागा दाखवत होतो.

“आणि बाकीच्या वेळा?”

“बाकी अकरा वेळा कुत्रा नाही. गायही नाही. ते माणसाचे आहे.”

पाटावरून उठताना, जोरात खोकताना काहीतरी निसटतं, हे बाईंना ठाऊक नव्हतं असं नाही. पण लुगडंच ओलं, त्याचंच पाणी म्हणून सोडून द्यायचं. पुढे चकती ओरडायची आणि आळ आयता फुटाण्यावर यायचा. त्यांनी तो येऊ दिला होता.

“अहवाल घरच्यांना पाठवू का?”

“खबरदार,” बाई म्हणाल्या. “माझं मी सांगतो.”

पदर सारखा करून त्या बैठकीत आल्या. आवाज नेहमीचाच ठेवला. “त्या अमरावतीवाल्याले येऊ नको म्हणा. कुत्रं शिकलं आहे. देवापुढचं ते माझं व्हतं.”

प्रफुलला आधी कळलंच नाही. कळलं तेव्हा तो फरशीकडे बघू लागला.

“खाली काय पायतं? तुमची चार बाळंतपणं झाली ह्या अंगावर. ते काय फुकट झाली?”

मोनाली उठून जवळ आली. “आई, मला तरी सांगायचं होतं.”

“तू विचारलं काय?”

यावर मोनाली हसली, डोळेही पुसले. यावर औषधं असतात, व्यायाम असतात, उद्याच डॉक्टरीणबाईंकडे जाऊ, असं म्हणत तिने सासूला खुर्चीत बसवलं आणि फुटाण्याची पिशवी उचलून ती आतल्या खोलीत रिकामी करायला गेली. प्रफुलने अमरावतीला फोन करून येऊ नका म्हणून सांगितलं. बाईंनी मोठा श्वास सोडला. वाटलं होतं तेवढं काही अवघड गेलं नाही.

तेवढ्यात चकती सरसरत आली आणि बाईंच्या पायाशी थांबली.

“घरातील दुसऱ्या सदस्याची ओळख पटली. प्रशिक्षण सुरू करायचे का? मालकाने हो किंवा नाही म्हणावे.”

मालक म्हणजे प्रफुल. पेटी त्याच्या नावावर होती.

बाईंनी त्याच्याकडे पाहिलं. आता हा हसेल, निदान चिडून चकतीला लाथ तरी घालेल, असं त्यांना वाटलं. पण प्रफुलने एकदा देवघरापुढच्या फरशीकडे पाहिलं, एकदा त्यांच्या लुगड्याकडे. त्याने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं.

एक ‘नाही’ म्हणायला पोटच्या पोराला एवढा वेळ काहून लागावा?