दुसऱ्या फोनवरची ताई

पटत नसेल तर सोडून द्या. पण यातला एकही शब्द मी पदरचा घातलेला नाही.

बारा तारीख, गुरुवार. दुपारचे चार वाजून वीस मिनिटं. म्हणजे भुतांची वेळही नव्हे.

मी एका ट्रान्सपोर्ट कंपनीच्या कंट्रोल रूममध्ये काम करते. स्क्रीनवर ट्रकचे ठिपके फिरतात. त्यांच्यावर लक्ष ठेवायचं, ड्रायव्हरला रस्ता सांगायचा. त्यातला एक ठिपका माझ्या धाकट्या भावाचा. घरात त्याला बारक्या म्हणतात, वजन नव्वद किलो.

त्याच्या दोन महिने आधी आमची सिस्टिम हॅक झाली होती. चोरांनी माझ्या नावाने एका वयस्कर ड्रायव्हरला निरोप पाठवला, 'माल जुन्या गोदामात उतरवा.' सगळे त्यांना मामा म्हणायचे. माझं नाव बघून मामा बिनघोर गेले.

माल गेला. मामाही जिवानिशी गेले.

पासवर्ड माझा होता. टेबलाच्या काचेखाली चिठ्ठीवर लिहून ठेवलेला, रोज विसरायला होतं म्हणून. मी चिठ्ठी फाडली आणि तोंड शिवून बसले.

मग नवा नियम आला. रस्ता बदलायचा तर फोन करूनच सांगायचं. आणि ड्रायव्हरने आधी एक घरगुती प्रश्न विचारायचा, ज्याचं उत्तर कुठल्याच कॉम्प्युटरमध्ये नसेल. आमचा प्रश्न होता, प्रगतिपुस्तकावर बाबांची सही कुणी ठोकली? उत्तर, शेजारच्या शिंपीकाकांनी. हे आम्हा भावंडांशिवाय फक्त शिंपीकाकांना ठाऊक. त्यांना जाऊन बारा वर्षं झाली.

त्या गुरुवारी बारक्याचा ठिपका हायवे सोडून वळला...

जुन्या गोदामाकडे.

मी त्याच्या मोबाइलवर फोन लावला.

"काय रे, कुठे निघालास?"

"म्हणजे? तूच तर सांगितलंस."

"मी? कधी?"

"आत्ता. गाडीतल्या कंपनीच्या फोन-सेटवर. मी प्रश्न विचारला, तू शिंपीकाका म्हणालीस. वर हसलीस पण."

"बारक्या, ती मी नव्हते. मागे फिर."

तो परक्या माणसाशी बोलावं तसं म्हणाला, "प्रगतिपुस्तकावर सही कुणी केली?"

"अरे गाढवा, शिंपीकाकांनी!"

"तीही हेच म्हणाली."

मी शेजारच्या टेबलावरच्या माणसाला पोलिसांना फोन लावायची खूण केली.

"ताई... ती अजून लाइनवर आहे."

आणि मग मलाही ऐकू आलं. आधी नुसती खरखर... मग माझाच आवाज. अगदी शांत.

"बारक्या, तिचं ऐकू नकोस. थोडंच राहिलंय."

काय सांगून पटवणार होते मी त्याला? जे मला माहीत, ते तिलाही माहीत. शेवटी माझा तोल सुटला.

"मग आमचं दोघींचंही ऐकू नकोस! गाडी थांबव, चावी काढ, दारं लावून बस. पोलीस येईपर्यंत कुणीही बोलावलं तरी उतरायचं नाही. मी बोलावलं तरीही!"

ठिपका सरकत होता...

सरकत होता...

थांबला.

पोलीस पोचले तेव्हा ट्रक गोदामाच्या गेटपासून वीस पावलांवर उभा होता. मामा गेल्यानंतर गेटला कुलूप घालून सील लावलं होतं. सील शाबूत. कुलूपही शाबूत.

गेट मात्र सताड उघडं.

सिस्टिमच्या सुरक्षेचे साहेब रात्रंदिवस तपासत बसले. "बाहेरून कुणीच शिरलेलं नाही," म्हणाले. मग त्यांनी बारक्याच्या गाडीतला सेट उघडला.

"हा मामांच्या गाडीतून काढून बसवलाय. यात सिमच नाही."

मग माझ्याकडे रोखून पाहत त्यांनी विचारलं, "मॅडम, तुमचा पासवर्ड चोरांना मिळाला कसा?"

"मला काय माहीत?" मी म्हणाले.

बारक्याने गाडी चालवणं सोडलं. जीव वाचला, पण आता माझ्याशी बोलताना तो आधी माझा चेहरा निरखतो. फार लागतं ते.

काल संध्याकाळी त्याला फोन केला. जेवायला ये म्हणून.

"ताई, आत्ताच तर फोन ठेवलास."

"काय बोलले मी?"



"हेच, की थोड्या वेळात कुणीतरी तुझ्या आवाजात फोन करेल."

फोन कट झाला. तेव्हापासून त्याचा मोबाइल बंद आहे. तो राहतो त्या खोलीलाही कुलूप आहे.

तो या पेजवरच्या गोष्टी रोज वाचतो, म्हणून चिठ्ठीसकट सगळं खरं इथे लिहिलं. बारक्या, वाचत असशील तर कुठे आहेस एवढंच कळव. कुणाचंही ऐकून कुठेही जाऊ नकोस.

आहेस तिथेच थांब. मी येते.